साहाय्याची विभक्ती : शेजारी राष्ट्रास दिलेल्या मदतीची एक चिकित्सा

१

एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रास दिलेल्या मदतीचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. अर्थशास्त्राचा अभ्यासक तिची रक्कम मोजतो. राजनीतीचा अभ्यासक तिच्या पाठीमागचा हेतू शोधतो. या दोन्ही चौकशा आवश्यक आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न उपेक्षित राहतो. ठरलेली रक्कम देणाऱ्याच्या हातून सुटल्यापासून घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंतचा तिचा प्रवास कसा होतो? काम कोणते करावयाचे हे कोण ठरवितो, ठेका कोण देतो, हिशेब कोण तपासतो आणि काम पुरे झाल्यावर त्याच्या डागडुजीचा भार कोणावर पडतो? मदतीचे खरे स्वरूप या रीतीवरून ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही रीत तपासण्याचे एक साधन व्याकरणशास्त्राने फार पूर्वीच घडवून ठेवलेले आहे. ते हाती घेऊन एका प्रत्यक्ष उदाहरणाची परीक्षा करावी, असा येथे हेतू आहे.

हे उदाहरण भारताने नेपाळास दिलेल्या साहाय्याचे आहे. ते निवडण्यास तीन कारणे आहेत. एक तर येथे दाता आणि ग्राहक यांची सीमा एकमेकींस लागून आहे आणि ती ओलांडावयास दोन्ही देशांच्या नागरिकांना परवाना लागत नाही. दुसरे असे की, हा व्यवहार सात दशकांहून अधिक काळ अखंड चालू असल्यामुळे त्यात रीतीचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात. तिसरे कारण भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नेपाळी ही मराठीप्रमाणेच देवनागरीत लिहिली जाणारी आर्यकुलातील भाषा असल्यामुळे दात्याचे शब्द आणि ग्राहकाचे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

शब्दांवरून समाजव्यवहाराचा माग काढण्याची ही वाट खानदेशास नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांची कागदपत्रे जतन केली आहेत. नामे, आडनावे व प्रत्यय हेही इतिहासाचे साधन होय, ही त्यांची दृष्टी होती. त्यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत. परंतु शब्दास साक्षीदार मानून त्याची उलटतपासणी करण्याची पद्धती आजही उपयोगी आहे.

२

पाणिनीय व्याकरणात देण्याच्या क्रियेतील ग्राहकास 'संप्रदान' अशी संज्ञा आहे. या कारकाची चतुर्थी विभक्ती होते. मराठीत तेथे 'ला' किंवा 'स' हा प्रत्यय येतो. 'संप्रदान' ही संज्ञा अन्वर्थक आहे काय, म्हणजे तिच्या नावातील 'दान' खरोखरीच घडले पाहिजे काय, असा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला. घडले पाहिजे असे मानणाऱ्या पक्षाने दानाची व्याख्या तीन अटींनी बांधली. देणाऱ्याचे वस्तूवरील स्वत्व निवृत्त व्हावे. घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे. आणि वस्तू परत घेण्याची बुद्धी नसावी. धोब्याकडे आपण कपडे देतो तेव्हा या तिन्हींपैकी एकही गोष्ट घडत नाही. म्हणून संस्कृतात त्या प्रसंगी धोब्याची चतुर्थी न होता षष्ठी होते, असा त्यांचा निर्णय आहे.

दुसरा पक्ष महाभाष्याचा आधार घेतो. चुकीचा स्वर उच्चारणाऱ्या शिष्याला गुरुजी चपराक देतात, असे एक वाक्य पतंजलीच्या भाष्यात आले आहे आणि तेथे शिष्याची चतुर्थीच झाली आहे. चपराकीवर कोणाचे स्वत्व उत्पन्न होत नाही, हे उघड आहे. तेव्हा भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात चतुर्थी ही अन्नदानाला लागते तशी चपराकीलाही लागते, असे या पक्षाचे म्हणणे. भाषेचे वर्णन म्हणून दुसरा पक्ष बलवान आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु व्यवहाराचे मूल्यमापन करावयाचे असेल तेव्हा पहिल्या पक्षाच्या तीन अटी अधिक उपयुक्त ठरतात. 'अमक्या देशाला दिले' एवढ्या वाक्याने दान सिद्ध होत नाही, हा त्यांचा इशारा आहे.

याच ठिकाणी आपल्या प्रदेशाच्या बोलीची एक साक्ष नोंदविण्याजोगी आहे. प्रमाण मराठीतील 'मला' अहिराणीत 'माले' होतो. म्हणजे 'ले' हा प्रत्यय अहिराणीत घेणाऱ्यास लागतो. नेपाळीत 'मला' या अर्थी 'मलाई' असे रूप आहे आणि 'ले' हा प्रत्यय तेथे करणाऱ्यास लागतो. मराठीतील 'ने' चे काम तो करतो. 'नेपालले सडक बनायो' या नेपाळी वाक्याचा अर्थ 'नेपाळने रस्ता बांधला' असा आहे. धुळ्याच्या बाजारातील अहिराणी भाषकास मात्र 'नेपालले' हे पद ऐकताच 'नेपाळला' असा बोध होईल. दोन्ही प्रत्ययांची व्युत्पत्ती येथे प्रस्तुत नाही. एकच ध्वनी एका भाषेत ग्राहकाची आणि दुसऱ्या भाषेत कर्त्याची खूण ठरतो, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ. ग्राहकाला कर्तेपण कोणत्या रीतीने येते, हाच या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

३

दात्याची परीक्षा करण्यापूर्वी ग्राहक म्हणून आपला अनुभव काय सांगतो ते पाहणे न्यायाचे होईल. खानदेशाने मदतीची अनेक रूपे पाहिली आहेत आणि त्या रूपांची नावे भाषेत शिल्लक आहेत.

त्यांतील जुने नाव 'तगाई'. मूळ अरबी शब्दात बळ देण्याचा अर्थ आहे. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी इंग्रज सरकारने शेतकऱ्यास जमीनसुधारणेसाठी आणि बी-बियाणे, बैल यांसाठी कर्ज देण्याची रीत बांधून दिली. नावात बळ असले तरी व्यवहारात तारण, अर्ज आणि वसुली यांचेच प्राबल्य राहिले. मूळ अर्थ कालांतराने लोपला आणि सरकारी कर्ज एवढाच अर्थ मराठीत उरला. शब्दाचा हा अर्थसंकोच त्या व्यवहाराबद्दल पुरेसे सांगतो.

दुसरे रूप परदेशी धान्याचे. २९ ऑगस्ट १९५६ रोजी अमेरिकेशी 'पी. एल. ४८०' या कायद्याखाली पहिला करार झाला आणि पुढील पंधरा वर्षे अमेरिकेचा गहू भारतीय बंदरांत उतरत राहिला. १९६५ नंतरच्या टंचाईत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या धान्याची दोरी आखूड धरली. वर्षाचा कोटा एकदम मंजूर न करता थोडा थोडा माल सोडावयाचा आणि मधल्या काळात भारताचे शेतीविषयक धोरण व व्हिएतनामविषयीची भाषा यांकडे लक्ष ठेवावयाचे, अशी ती रीत होती. धान्य येत होते व त्यामुळे माणसे जगली, हे नाकारता येणार नाही. परंतु जहाज बंदरात लागेपर्यंत त्या धान्यावरील देणाऱ्याचे स्वत्व सुटलेले नव्हते, हेही तितकेच खरे. या काळाची आठवण लोकभाषेने एका तणाच्या नावाशी जोडली. गाजर गवत, ज्याला 'काँग्रेस गवत' असेही म्हणतात, ते अमेरिकी गव्हाबरोबर आले, असे आजही सर्वत्र ऐकू येते. पुण्यास ते १९५५ मध्ये, म्हणजे या कराराच्या आधीच आढळले होते. समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही; पण घेणाऱ्याच्या मनात राहिलेल्या सलाचा पुरावा म्हणून तिचे मोल आहे.

या व्यवहाराची दुसरी बाजू मराठीच्या अभ्यासकांस विशेष ठाऊक असावी. धान्याची किंमत भारताने रुपयांत भरावयाची होती आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साचत होते. १९६२ पासून त्या रुपयांतून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून तेथील विद्यापीठांकडे धाडली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. परदेशांतील मराठीच्या अध्ययनास त्यांचा मोठा आधार झाला. पुढे १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या राजदूतांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती देऊन साचलेल्या रकमेचा मोठा भाग सोडून दिला. तेव्हा कोठे स्वत्वनिवृत्ती झाली, असे म्हणता येईल.

तिसरे रूप अगदी अलीकडचे व घरचे आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांसाठी 'खावटी कर्ज' देण्याची योजना १९७८ पासून होती. मध्यंतरी ती बंद पडली. २०२० मध्ये महासाथीच्या काळात तिचे 'खावटी अनुदान' असे नामांतर झाले. राज्यातील ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये द्यावयाचे ठरले; त्यांपैकी २,००० रुपये बँकेच्या खात्यात आणि २,००० रुपयांचे कडधान्य, डाळ, तेल, साखर, मीठ इत्यादी जिन्नस. कर्जाचे अनुदान झाले ही मोठीच सुधारणा होय. परंतु एकाच योजनेच्या दोन अर्ध्या भागांत केवढे अंतर पडते पाहा. रोख भागात काय विकत घ्यावयाचे हे त्या घरातील बाई ठरविते. जिन्नसांच्या भागात ते मंत्रालय ठरविते. मग निविदा, पुरवठेदार, वाहतूक आणि वाटप असे टप्पे लागतात. टाळेबंदीच्या भुकेसाठी मंजूर झालेले हे जिन्नस पुष्कळ ठिकाणी २०२१ चा पावसाळा आला तेव्हा पोचले. दाता एक, ग्राहक एक, मोलही सारखे. रीत बदलताच ग्राहकाचे कर्तेपण बदलले.

४

आता नेपाळकडे वळू. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारताने नेपाळास मदत देण्यास प्रारंभ केला. काठमांडू तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी १९५३ ते १९५६ या काळात बांधला. १९५४ मध्ये काठमांडूस भारताचे जे कार्यालय स्थापन झाले त्याचे नाव 'भारतीय साहाय्य मंडळ' या अर्थाचे होते. १९६६ मध्ये त्याचे नाव 'भारतीय सहकार्य मंडळ' असे करण्यात आले. त्याआधी दोन वर्षे, १९६४ मध्ये, परदेशी अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देण्याची जी योजना निघाली तिच्या नावातही 'तांत्रिक व आर्थिक सहकार्य' असेच शब्द आहेत. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात या सर्व कामांसाठी वेगळा विभाग झाला तेव्हा 'विकास-भागीदारी' हा शब्द पुढे आला.

साहाय्य, सहकार्य, भागीदारी असा हा नामक्रम आहे. यामागे केवळ शब्दांची हौस होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतः ग्राहक असलेल्या देशास दात्याच्या अहंकाराची चीड होती आणि ती चीड या नावांतून व्यक्त झाली. १९६० च्या दशकात चीनही नेपाळात रस्ते बांधू लागला होता. त्यामुळे शेजाऱ्याच्या स्वाभिमानास जपणे राजनीतीच्या दृष्टीनेही आवश्यक झाले होते. तरीही भाषाभ्यासकाने एक गोष्ट नजरेआड करू नये. 'सहाय' म्हणजे बरोबर जाणारा. 'साहाय्य' या पहिल्या शब्दातच सोबतीचा अर्थ आहे. 'सहकार्य' आणि 'भागीदारी' हे शब्द त्यात नवीन भर घालीत नाहीत. जुना शब्द झिजला म्हणून नवा आणावा लागला. आणि तो व्यवहाराने झिजला होता. जोवर वाक्यातील कर्ता व संप्रदान आपापल्या जागी कायम आहेत, तोवर मधले नाम बदलल्याने वाक्य बदलत नाही.

नेपाळात भारताच्या मदतीने उभ्या राहिलेल्या शाळांवर व आरोग्यकेंद्रांवर 'भारत सरकारको सहयोगमा' अशा धर्तीचा मजकूर असतो आणि क्रियापद कर्मणी असते. इमारत निर्मित झाली; कोणी केली ते वाक्यात येत नाही. ज्या नेपाळी गावाने जागा दिली, समिती नेमली, देखरेख केली, त्याचे नाव कर्त्याच्या जागी क्वचितच आढळते.

शब्दांवरून प्रत्यक्ष वादही झाला. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळची नवी राज्यघटना जारी झाली आणि त्यानंतर २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून इंधन, औषधे व इतर माल जाणे जवळजवळ थांबले. नेपाळाने या घटनेस 'नाकाबन्दी' म्हटले. भारताची अधिकृत भूमिका अशी होती की, तराईतील आंदोलनामुळे नेपाळच्या बाजूस अडथळा उत्पन्न झाला असून भारताने काहीही बंद केलेले नाही. दोन्ही भूमिकांतील तथ्य तपासण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याच वर्षी २५ एप्रिलच्या भूकंपानंतर भारताची मदत काही तासांत नेपाळात पोचली होती आणि त्यामुळे निर्माण झालेला सद्भाव सहा महिन्यांत विरून गेला, हे दोन्ही देशांतील जाणत्यांना ठाऊक आहे. महाभाष्यातील शिष्याप्रमाणे येथेही चतुर्थी दोन्ही वेळा एकच होती.

५

आता पूर्वोक्त तीन अटींवर प्रत्यक्ष कामे तपासून पाहू.

पहिली अट देणाऱ्याच्या स्वत्वनिवृत्तीची. २५ एप्रिल १९५४ चा कोसी करार हा शुद्ध साहाय्याचा करार नव्हे; त्यात दोन्ही देशांचे हित गुंतलेले होते. तथापि नेपाळच्या भूमीवर भारताने बांधून दिलेले काम या नात्याने तो येथे प्रस्तुत आहे. धरणबंधारा भारताने बांधला, त्याचे नियंत्रण व तटबंधांची डागडुजी भारताकडे राहिली, आणि १९६६ च्या सुधारित करारान्वये त्याखालची जमीन १९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यातील कुसहा येथे तटबंध फुटला आणि नेपाळातील हजारो व बिहारातील लाखो लोक निराधार झाले. तटबंध नेपाळात, त्याची देखभाल बिहार सरकारकडे, करार दिल्ली आणि काठमांडूचा. ज्याच्या घरात पाणी शिरणार होते त्याच्या हाती फावडे मारण्याचाही अधिकार नव्हता.

दुसरी अट घेणाऱ्याच्या स्वत्वोत्पत्तीची. भूकंपानंतरच्या पुनर्रचनेत भारताने गोरखा व नुवाकोट या दोन जिल्ह्यांत ५०,००० घरांचा भार उचलला. येथे भारताने स्वतः घरे बांधून देण्याचे टाळले. प्रत्येक कुटुंबास ३ लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत मिळावयाचे, बांधकाम घरमालकाने स्वतः करावयाचे, आणि भूकंपरोधक रचनेविषयी तंत्रज्ञांनी गावोगाव जाऊन सल्ला द्यावयाचा, अशी रीत ठेवण्यात आली. पुढचा हप्ता मागच्या टप्प्याची तपासणी झाल्यावरच मिळत असल्यामुळे हिशेबही चोख राहिला. २०२१ पर्यंत ही घरे उभी राहिली. गोरखा जिल्ह्याचे नाव मराठीत आपण एका पेशाचे नाव करून टाकले आहे. आपल्या शहरांतून रात्री शिट्टी वाजवीत फिरणाऱ्या राखणदारास आपण 'गुरखा' म्हणतो. तो कोणत्या गावचा, हे आपण क्वचितच विचारतो. त्याच नावाच्या जिल्ह्यात, आपल्याच सरकारच्या पैशाने, घराचा मालक वाक्याचा कर्ता झाला, ही नोंद मराठी वाचकाने आवर्जून करावी.

तराईतील हुलाकी मार्गाची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे दोन्ही रीती एकापाठोपाठ वापरल्या गेल्या. आरंभी काम भारतीय सल्लागार व भारतीय ठेकेदार यांच्यामार्फत चालले. ते रखडले आणि ठेके रद्द करावे लागले. २०१६ मध्ये नवा करार झाला. त्यान्वये ३०६ किलोमीटर लांबीच्या १४ रस्त्यांसाठी भारताने ५०० कोटी भारतीय रुपयांचे अनुदान द्यावयाचे आणि ठेके नेपाळ सरकारने आपल्या नियमांनुसार द्यावयाचे, असे ठरले. त्यानंतर काम मार्गी लागून बहुतेक रस्ते पुरे झाले. पैसा तोच, भूमी तीच. ठेका देणारा हात बदलला.

तिसरी अट परत न घेण्याची. भारताच्या मदतीचा मोठा हिस्सा आज सवलतीच्या पतपुरवठ्याच्या रूपाने जातो. भूकंपानंतर नेपाळास जाहीर झालेल्या १ अब्ज डॉलरांपैकी एक चतुर्थांश अनुदान होते, उरलेला पतपुरवठा होता. या पतपुरवठ्याच्या नियमांनुसार सामान्यतः किमान ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यावी लागते. भूतानमधील जलविद्युत् प्रकल्पांतही हाच कल दिसतो. ३३६ मेगावॅटच्या चुखा प्रकल्पास ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॅटच्या मांगदेछू प्रकल्पास ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज होते. कर्ज देणे हा दोष नव्हे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथील १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या विकास-बँकेच्या कर्जावरच उभा राहिला आहे. दोष आहे तो कर्जास दान म्हणण्यात. ज्या पैशाचा तीन चतुर्थांश भाग देणाऱ्याच्याच बाजारपेठेत परतावयाचा आहे, तो धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या अधिक जवळचा आहे.

या अटीची झळ प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांपासून दूर नाही, तसा तिचा लाभही दूर नाही. भारताच्या पतपुरवठ्यावर चालणाऱ्या रवांडातील सिंचन-प्रकल्पांचे काम जळगावच्या जैन इरिगेशन या उद्योगास मिळाले आहे. जळगावात रोजगार निर्माण करणारी तीच अट रवांडाच्या वा नेपाळच्या हातातील निवड कमी करते. दाता आणि ग्राहक या दोन्ही जागांचा अनुभव एकाच जिल्ह्यात नांदत असल्यामुळे येथील अभ्यासकाने या प्रश्नाकडे अधिक प्रामाणिकपणे पाहावे, अशी अपेक्षा गैर नव्हे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्राहकाच्या हाती सर्व सोपविल्यास पैशाचा अपहार होईल आणि करदात्यास उत्तर देणे दात्यास अशक्य होईल. दुसरा असा की, थेट कामे झपाट्याने होतात. मोतीहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची इंधनवाहिनी भारताच्या सरकारी तेल कंपनीने मुदतीच्या निम्म्या काळात पुरी केली आणि १० सप्टेंबर २०१९ रोजी ती सुरू झाली.

दुसऱ्या आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. एक यंत्रणा, एक नकाशा आणि एक कंत्राटदार असलेल्या कामात थेट रीत वेगवान ठरते. परंतु घर, शाळा, गावचा रस्ता ही कामे तशी नाहीत. ती पुरी झाल्यावर पुढील पन्नास वर्षे कोणीतरी सांभाळावयाची असतात. पहिल्या आक्षेपाचे उत्तर गोरखा-नुवाकोटच्या हप्त्यांनी दिलेच आहे. देखरेख आणि कर्तेपण या भिन्न गोष्टी आहेत. तपासणी दात्याने करावी. निवड ग्राहकाने करावी.

तथापि ग्राहक कोणास म्हणावे, हा प्रश्न उरतोच. २००३ पासून भारताचे काठमांडूतील दूतावास लहान विकासकामांसाठी नेपाळच्या स्थानिक संस्थांना अनुदान देत आले आहे. जानेवारी २०२४ च्या करारान्वये एका कामाची मर्यादा ५ कोटींवरून २० कोटी नेपाळी रुपयांवर नेण्यात आली. गावास आपली शाळा मिळते, हे स्तुत्य. परंतु परकीय दूतावासाने गावाशी परस्पर व्यवहार करावा काय, असा आक्षेप काठमांडूत वारंवार घेतला जातो. आणि एखाद्या परकीय वकिलातीने शिरपूर वा रावेर पंचायत समितीस परस्पर निधी दिला असता तर आपण काय म्हटले असते, हे मनाशी विचारून पाहिल्यास त्या आक्षेपाचे वजन कळते. १९९४ पासून भारताने एक हजाराहून अधिक रुग्णवाहिका नेपाळातील संस्थांना भेट दिल्या आहेत. त्या बहुधा भारताच्या राष्ट्रीय सणांच्या दिवशी दिल्या जातात. दानाची तिथीही दात्याच्या पंचांगातून यावी, याचे औचित्य तपासले पाहिजे.

परकीय साहाय्याच्या परिणामकतेविषयी २००५ मध्ये पॅरिस येथे जो जाहीरनामा झाला, त्यात ग्राहक देशाचे स्वामित्व हे पहिले तत्त्व मानले आहे. आपल्या टीकाकारांची दुसरी अट याहून निराळी नाही. मराठी शेतकरी-व्यवहारास तर हे तत्त्व शिकविण्याची आवश्यकताच नव्हती. इर्जिकीत शेजारी आपले बैल घेऊन येतात. पण कोणते शेत आधी नांगरावयाचे ते शेताचा धनी सांगतो. सावडीत आज एकाचे काम, उद्या दुसऱ्याचे. या दोन्ही प्रथांत मदत मोठी असते, परंतु शेताच्या धन्याचे कर्तेपण अबाधित राहते. शेजारधर्म हा शब्द राजनीतीच्या भाषणांत फार येतो. त्याचा व्यवहार मात्र बांधावर पाहावयास मिळतो.

निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. भारताची नेपाळातील मदत एकरूप नाही; कोसीच्या तटबंधापासून गोरख्याच्या घरापर्यंत तिच्या अनेक रीती आहेत. जेथे ठेका, निवड व देखभाल ग्राहकाच्या हाती गेली तेथे काम टिकले आणि सद्भावही टिकला. जेथे ती दात्याच्या हाती राहिली तेथे, काम झाले तरी, सल उरला. 'साहाय्य' जाऊन 'सहकार्य' आले आणि 'सहकार्य' जाऊन 'भागीदारी' आली, तरी या फरकाशी त्या नामांतरांचा संबंध दिसत नाही. प्रत्येक कराराच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न साधा आहे : यातील 'नेपालले' हे पद अहिराणीत वाचावयाचे की नेपाळीत?

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यातून एक विषयही सुचतो. गेल्या सात दशकांतील मराठी वृत्तपत्रांत नेपाळ, भूतान, बांगलादेश या शेजाऱ्यांविषयी जी वाक्ये छापली गेली, त्यांत ते देश किती वेळा कर्त्याच्या जागी आले आणि किती वेळा केवळ चतुर्थीत राहिले, याची मोजणी अद्याप व्हावयाची आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु शेजाऱ्याविषयी बोलताना आपण कोणती विभक्ती वापरतो, यावरून त्याच्याशी आपण कसे वागणार आहोत, याचा अंदाज पुष्कळदा आधीच बांधता येतो.